मंडळीत एकी हवी असेल तर सुरुवात कुठून करायची

मंडळीत वाद झाला की आपण सगळ्यात आधी मिटिंग बोलावतो. पंच कमिटी बसते, पाळकसाहेब प्रार्थना करतात, दोन्ही बाजू आपापलं म्हणणं मांडतात, कुणाचा तरी आवाज चढतो, मग एखादे वडीलधारे म्हणतात जाऊ द्या, प्रभूसाठी सोडून द्या, आणि चहा घेऊन सगळे घरी जातात. पुढच्या रविवारी तीच दोन घरं चर्चच्या दोन टोकांना बसलेली असतात आणि उपासना संपली की वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. मिटिंग घेण्यात वाईट काही नाही, पण ती फार लवकर घेतली जाते. तिच्याआधी प्रत्येकाने एकट्याने देवासमोर बसायला हवं असतं, आपण नेमकं काय धरून बसलोय ते बघायला हवं असतं आणि ते त्याच्या हाती सोपवायला हवं असतं, आणि तेच राहून जातं. हे न करता केलेला समेट दोन-तीन रविवार टिकतो, त्यापुढे नाही.

खाली जे लिहितोय ते कुठल्याही मंडळीत चालेल, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, कॅथलिक धर्मग्राम, नाहीतर घरात भरणारी छोटी प्रार्थनासभा. क्रम मात्र बदलू नका.

आधी फिलिप्पैची मंडळी समजून घ्या

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपण नम्रतेवरच्या प्रत्येक संदेशात ऐकतो, पण चौथ्या अध्यायातल्या दोन बायका बहुतेकदा राहून जातात. युवदीया आणि सुंतुखे. प्रेषित पौल कैदेत आहे, तिथून तो मासेदोनियातल्या या मंडळीला पत्र लिहितोय, आणि त्याला माहितीये की हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार आहे, तरीही तो या दोघींची नावं घेतो. या दोघी काही नवख्या नव्हत्या, सुवार्तेच्या कामात त्याच्या बरोबरीने झटलेल्या होत्या. म्हणजे भांडण मनापासून सेवा करणाऱ्यांमध्येच होतं, जसं आपल्याकडेही होतं, कारण ज्याला मंडळीचं काही पडलेलंच नाही तो कशाला भांडेल.

पौल तिथे काय करतो ते नीट बघा. तो एकीला विनंती करतो, मग दुसरीला पुन्हा वेगळी विनंती करतो. कोण बरोबर कोण चूक हे सांगत नाही, भांडण कशावरून होतं तेही लिहीत नाही, त्यामुळे आज आपल्याला ते माहीतच नाही. आणि एका तिसऱ्या सोबत्याला सांगतो की तू या दोघींना मदत कर. दोघींची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत याची आठवणही तिथेच करून देतो.

फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवलेलं होतं, आणि रोमन नागरिक असणं, हुद्दा असणं याला तिथे फार किंमत होती. मंडळीत मात्र जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया होती, तुरुंगाचा अधिकारी आणि त्याचं घराणं होतं, असे सगळ्या थरांतले लोक एकत्र आलेले. अशा गावातल्या लोकांना पौल सांगतो की ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा असून त्या बरोबरीला चिकटून राहिला नाही, त्याने स्वतःला रिकामं केलं, दास झाला, आणि मरण सोसलं तेही वधस्तंभाचं, जे रोमन नागरिकाला सहसा दिलं जात नसे इतकं लाजिरवाणं होतं. सगळं गाव वर चढायच्या मागे असताना त्यांचा प्रभू एकेक पायरी खाली उतरत गेला. तुमच्या चर्चच्या निवडणुकीआधी हा अध्याय एकदा मोठ्याने वाचून बघा, किती टोचतो ते कळेल.

पहिली पायरी: काय सुटत नाही ते कागदावर लिहा

"प्रभू, माझा अहंकार काढून टाक" ही प्रार्थना चांगली आहे पण फार मोघम आहे, आणि मोघम प्रार्थनेमागे लपता येतं. म्हणून एक वही घ्या, मोबाईल बाजूला ठेवा, घर शांत असेल अशी वेळ बघा, पहाटेची असली तर उत्तमच, आणि ज्या व्यक्तीशी बिनसलंय तिचं नाव लिहून खाली लिहा की या सगळ्यात माझं काय जातंय असं मला वाटतंय. खरं तेच लिहा. नाताळच्या कार्यक्रमाचं संचालन इतकी वर्षं आमच्याकडे होतं. चर्चची चावी. माईक. महिला मंडळाचं सेक्रेटरीपद. गायनात पुढची जागा. आमच्या आजोबांनी ही जागा मंडळीला दिली आणि कालचे आलेले आम्हाला शिकवतात. माझ्या मुलाला संडेस्कूलच्या नाटकात काम दिलं नाही. असल्या गोष्टी लिहायला लाज वाटते, पण शंभरातली नव्वद भांडणं याचीच असतात, तत्त्वाचं नाव आपण नंतर देतो.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा. हीच गोष्ट उद्या त्या दुसऱ्या माणसाकडे गेली आणि मंडळीचं काम छान चाललं, तर मला आनंद होईल का? उत्तर "नाही" असेल तर तुमची गाठ कुठे आहे ते सापडलं. उत्तर खरोखर "हो" असेल आणि तरीही काहीतरी खटकत असेल, तर कदाचित मुद्दा खरंच तत्त्वाचा आहे, त्याच्याबद्दल पुढे येतंच.

दुसरी पायरी: ते नाव घेऊन देवाला द्या

समर्पण म्हणजे मला काही नकोच असं दाखवणं नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपली इच्छा स्पष्ट सांगितली, हा प्याला माझ्यापासून टळून जावो, आणि त्यानंतर पित्याच्या इच्छेला मान दिला. मत्तय सांगतो की त्याने ही प्रार्थना तीनदा केली. म्हणजे त्यालाही एका दमात उठून जाता आलं नाही, मग आपल्याला एका रात्रीत मोकळं वाटलं नाही म्हणून खचून जायचं कारण नाही. तुम्हीही आधी सरळ सांगा, "बापा, मला ते पद हवंय, ते गेलं याचं मला दुःख आहे, माझा अपमान झाला असं मला वाटतं." मग म्हणा, "पण ही मंडळी तुझी आहे, ते पद तुझं आहे, ते तू कुणालाही दे, मला त्याच्याशिवाय तुझ्याजवळ राहायला शिकव." आवाज फुटू द्या, मनातल्या मनात नको. रडू आलं तर येऊ द्या.

हे रोज करा, आणि त्याच प्रार्थनेत समोरच्या माणसासाठी आशीर्वाद मागा, त्याच्या मुलांची नावं घेऊन, त्याच्या नोकरीसाठी, आजारपणासाठी. सुरुवातीला जीभ अडखळते. कुणाच्या मुलीच्या दहावीच्या परीक्षेसाठी तुम्ही रोज प्रार्थना करत असाल तर त्या माणसाबद्दल वाईट बोलणं हळूहळू जड जायला लागतं, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही.

आणि प्रार्थनेनंतर हाताने काहीतरी करा. चावी तुमच्याकडे असेल तर ती नेऊन द्या. ग्रुपचे तुम्ही एकटेच अॅडमिन असाल तर दुसऱ्यालाही अॅडमिन करा. हिशेबाची वही फक्त तुमच्या कपाटात असेल तर कमिटीसमोर उघडी करा. देवाला दिलं असं म्हणायचं आणि वस्तू मात्र आपल्याच खिशात, असं होऊ देऊ नका.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती ही पदवी दिलेली, आणि बाप्तिस्मा घेऊन काही वर्षं झाल्यावर त्यांनीच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. त्यानंतर त्या पूर्णपणे त्याच्या झाल्या. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, आलं त्याच्याआधी बायका-मुलींचे प्रार्थनेचे गट रोज बसत होते, आणि ते आलं तेव्हा पापं कबूल करणं, रडणं, देवापुढे मन मोकळं करणं हे ठळकपणे दिसलं. आणि हीच विदुषी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करायला बसली तेव्हा आपलं पांडित्य बाजूला ठेवून गावातल्या साध्या बाईला कळेल अशी भाषा निवडली.

तिसरी पायरी: उठा आणि जाऊन भेटा

मत्तय ५ मध्ये प्रभू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे तो गालीलात बोलतोय आणि वेदी होती यरुशलेमेत, म्हणजे ऐकणाऱ्यांसाठी अर्पण सोडून परत जाणं म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. आपल्याला तर फक्त पुढच्या गल्लीत जायचं असतं. आणि एक बघा, तिथे चूक कुणाची हे विचारलेलंच नाही, त्याच्या मनात काही आहे एवढं पुरे आहे. मत्तय १८ मध्ये उलट बाजू आहे, त्याने तुझा अपराध केला असेल तरी तूच जा, आणि एकटा जा. दोन्हीकडून पहिलं पाऊल आपलंच.

कसं जायचं ते सविस्तर सांगतो, कारण इथेच जास्त बिघडतं.

मेसेजवर माफी मागू नका, मेसेजचा सूर वाचणारा ठरवतो, आणि स्क्रीनशॉट तासाभरात पाच घरी पोचतो. फोन फक्त वेळ ठरवायला करा, "काका, संध्याकाळी घरी आहात का, दहा मिनिटं येऊन जातो." ग्रुपवर जाहीर केलेली चूक असेल तर ग्रुपवर माफी मागायचीच, पण आधी घरी जाऊन. सोबत चार जण नेऊ नका, समोरच्याला वाटतं घेरायला आलेत. जेवायच्या वेळी जाऊ नका.

समजा तुम्ही तरुण संघातले आहात आणि गायनावरून वाद झालाय, काका अनेक वर्षं पेटी वाजवतात आणि तुम्ही ड्रमसेट आणलात, गाण्यांची यादी त्यांना न विचारता बदलली. दार काकूंनी उघडलं, त्या काही न बोलता आत गेल्या, काका टीव्हीचा आवाज कमी करतात पण बंद करत नाहीत. पाणी आलं तर प्या. मग एवढंच म्हणा, "काका, गाण्यांची यादी मी तुम्हाला न विचारता बदलली, आणि सगळ्यांसमोर तुम्हाला पेटी बंद करा म्हणालो. हे मी चुकीचं केलं. मला माफ करा." इथे थांबा. यानंतर "पण" आला की आधीचं सगळं वाया गेलं. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हेही नको, त्यात दोष त्यांच्या वाटण्यावर जातो. ते चिडून बोलतील, जुन्या चार गोष्टी काढतील, तुमच्या वडिलांचंही काही काढतील. ऐकून घ्या. खुलासा त्याच दिवशी द्यायलाच पाहिजे असं काही नाही. शेवटी विचारा, "काका, पुढच्या रविवारची गाणी आपण दोघं मिळून काढू का?" आणि परवानगी असेल तर छोटी प्रार्थना करा, ज्यात त्यांना टोमणा नाही.

त्यांनी माफ केलं नाही तरी तुम्ही तुमचं केलंय. पुन्हा काही दिवसांनी जा.

मधल्या माणसाने काय करायचं

फिलिप्पैतल्या त्या तिसऱ्या सोबत्याचं काम सगळ्यात अवघड. दोन्ही घरांत तुमचं येणंजाणं असेल तर लोक तुमच्याजवळ मन मोकळं करणारच, ते ऐका, पण ऐकलेलं पलीकडे नेऊ नका. न्यायचंच असेल तर पलीकडच्याने केलेलं कौतुक न्या. प्रार्थनेसाठी सांगते हं, असं म्हणून सुरू होणारी बातमी तिथेच थांबवा, "ताई, चला मग आत्ताच प्रार्थना करूया" असं म्हणून खरोखर हात धरून प्रार्थना केली की गोष्ट पुढे सरकत नाही. पाळकांनीही हे पाळावं, व्यासपीठावरून नाव न घेता एखाद्यावर बोलणं तर अजिबात नको, नाव न घेताही सगळ्या मंडळीला कळतं आणि तो माणूस कायमचा दुखावला जातो.

नम्रता नुसती मनात राहू नये, कामाच्या वाटणीत दिसावी

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये यरुशलेमेच्या मंडळीत तक्रार आली की ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसा, एकी ठेवा असं सांगितलं नाही. सात माणसं निवडली आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव, सगळी ग्रीक. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती सगळं वाटप दिलं असं दिसतं. बहुसंख्य गटाची नम्रता अशी असते. तुमच्या मंडळीत भाड्याने राहणारे, नव्याने विश्वासात आलेले, गावाकडून कामाला आलेले, विधवा, एकट्या राहणाऱ्या बहिणी यांच्यातलं कमिटीवर कोण आहे? कुणीच नसेल तर पुढच्या वेळी जुन्या घराण्यांपैकी कुणीतरी आपण होऊन उभं राहू नये.

आणि जातीचा विषय इथे टाळून चालणार नाही. आपण एका मेजावर प्रभुभोजन घेतो, पण सोयरीक जमवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, हे आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत सगळ्यांना माहीत आहे. ज्या घराने हे मनापासून प्रभूला दिलं त्या घराने एकीसाठी दहा सभांपेक्षा जास्त केलं असं मी मानतो.

लहान कामांची पाळी लावा. सतरंज्या टाकणं, संडास धुणं, प्रीतिभोजनानंतर भांडी घासणं ही कामं पंचांपासून सुरू व्हावीत आणि पाळकसाहेबही त्यात असावेत. प्रभूने पाय धुतले तेव्हा यहूदाही तिथे बसलेला होता, त्याला वगळलं नव्हतं.

मत वेगळं आणि मन एक, हे जमतं

मंगळसूत्र घालावं का, टिकली लावावी का, टाळ-मृदंगावर भजन चालतं का, शेजाऱ्यांच्या घरचा प्रसाद घ्यावा का, यावरून आपल्याकडे घरं फुटतात. रोमकरांस १४ मध्ये असाच वाद आहे, कुणी सगळं खातो, कुणी फक्त भाजीपाला, कुणी एक दिवस पाळतो. पौल म्हणतो खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, दोघांचा धनी एकच आहे. ना. वा. टिळकांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी रचली, ती आज आपण डोळे मिटून गातो. तुमच्या मंडळीत एखाद्या ताईला कुंकू लावणं जड जातं आणि दुसरीला ते फक्त सौभाग्याचं वाटतं, तर दोघींनी एकमेकींना प्रभूवर सोडावं.

मोठ्या प्रमाणावर हे कसं जमतं याचं उदाहरण नागपूरचंच आहे. १९२९ मध्ये लखनौला बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात लहान बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि फक्त कळत्या वयात विश्वासाने बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारेही होते, बिशप असणारे होते आणि बिशपच नको म्हणणारे होते. चाळीस वर्षं बोलत राहिले, दोन्ही प्रकारच्या बाप्तिस्म्याला जागा ठेवली. पुढे मालमत्तेवरून कोर्टकचेऱ्या झाल्या हेही खरं आहे, आणि ते दुःखाचं आहे, कारण विश्वासात जे जमलं ते जमिनीच्या कागदावर अडलं.

तुमच्या पातळीवर सुरुवात करायची तर दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो, आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिन. शेजारच्या मंडळीला बोलवा, आणि नुसतं बोलवू नका, त्यांच्याकडे जाऊन मागच्या बाकावर बसा, त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करा.

नम्रतेच्या नावाखाली काय झाकायचं नाही

हे मी जोर देऊन लिहितो. मंडळीच्या पैशाचा घोटाळा, बाईला होणारी मारहाण, लहान मुलांशी गैरवर्तन, यात बळी पडलेल्याला "नम्र हो, माफ कर, मंडळीचं नाव जाईल" असं सांगणं हे पाप आहे. मुलांच्या बाबतीत तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पंचांनी आपसात मिटवायचा तो विषयच नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासूंच्या, पंगतीतून उठून वेगळा बसायला लागला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, गलतीकरांस २ मध्ये आहे. ते भांडण सगळ्यांनी एका पंगतीत बसावं यासाठीच होतं. वर पहिल्या पायरीत म्हटलेला खरा तत्त्वाचा मुद्दा तो असा असतो. अशा वेळी नम्र माणसाने बोलायचं असतं, पुरावे घेऊन, दोन साक्षीदार घेऊन, आणि बोलून झाल्यावर स्वतःचा सूड घ्यायचा नसतो.

सगळं करूनही जमलं नाही तर

कधी कधी जमत नाही. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून इतकं तीव्र वाजलं की दोघं वेगळ्या दिशांना गेले, आणि पवित्र शास्त्राने ते लपवलेलं नाही. पण बर्णबाने मार्काला सोडलं नाही, आणि पुढे पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मध्ये बरीच वर्षं गेली होती.

म्हणून तुमच्याकडून होईल तेवढं करा, रोमकरांस १२ मध्ये तेवढंच मागितलं आहे. कुणी मंडळी सोडून गेलं तर त्यांच्या घरच्या लग्नाला जा, मातीला जा, नाताळचा फराळ पाठवा. त्यांच्या नव्या मंडळीची निंदा करू नका. प्रभुभोजनाच्या आधी त्यांचं नाव मनात घ्या. परत आले तर आल्या आल्या हिशेब काढू नका, बाकावर सरकून जागा द्या, आणि उपासना संपल्यावर चहाला थांबवून घ्या.